बिल चुकते झाले की बारची जबाबदारी संपते का?

प्रश्न असा आहे की, बारमध्ये किंवा हॉटेलात अति प्यायलेल्या ग्राहकाने बाहेर पडून अपघात केला, तर त्याला पाजणाऱ्या मालकावर कायद्याने काही जबाबदारी येते का. आपल्याकडे ती जवळजवळ येत नाही, आणि ती यायला हवी. पुणे-नाशिक महामार्गावरील एका परमिट रूममध्ये मी नऊ वर्षे काम केले, त्यांपैकी शेवटची चार वर्षे मॅनेजर म्हणून, आणि याच एका मुद्द्यावरून मालकांशी माझे जे वाजले ते आजतागायत मिटलेले नाही.

२०१३ च्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. नारायणगावच्या टोमॅटो बाजारातून परतणारे एक नेहमीचे व्यापारी संध्याकाळी साडेसातपासून सहा नंबरच्या टेबलावर बसले होते. दहा वाजेपर्यंत त्यांचे व्हिस्कीचे सात लार्ज झाले होते आणि वेटरने काउंटरवर येऊन मला सांगितले की, साहेब आता सोडा ग्लासात न ओतता शेंगदाण्यांच्या बशीत ओतत आहेत. आठव्या पेगची ऑर्डर घेऊ नकोस असे मी त्याला बजावले, गाडी नीट लावतो या निमित्ताने व्यापाऱ्यांकडून मोटारसायकलची किल्ली मागून घेतली आणि ती ड्रॉवरमध्ये टाकली. थोड्याच वेळात त्यांनी आरडाओरडा सुरू केला, तेव्हा मालक गल्ल्यावरून उठून आले. “अहो मॅनेजर, गिऱ्हाईक आपले, पैसे त्यांचे, गाडीही त्यांची. बिल चुकते झाले की आपला संबंध संपला,” असे म्हणून त्यांनी आठवा पेग स्वतःच्या हाताने भरून दिला आणि किल्लीही परत केली.

त्या गाडीने दोन किलोमीटरवर, हातात बॅटरी घेऊन कडेने पोल्ट्रीवर रात्रपाळीला निघालेल्या राखणदाराला उडवले. व्यापाऱ्यांना चार टाके पडले. राखणदाराचे मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले आणि पुढे कित्येक महिने तो घरी बसून होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस चौकशीला येण्याआधी मालकांनी मला ते बिल फोडायला सांगितले. चार लार्ज सहा नंबरच्या टेबलावर आणि उरलेले चार नऊ नंबरच्या टेबलावर, म्हणजे एकाच माणसाने आठ घेतल्याचा कागद शिल्लक राहू नये. मी ते केले. ती नोकरी मी तीन महिन्यांनी सोडली, पण ती त्याच दिवशी सोडली नाही, हेही येथे नोंदवतो.

आता कायद्याचे. राज्य उत्पादन शुल्क विभाग एफएल-३ परवानाधारकाला, म्हणजे बार किंवा परमिट रूम चालवणाऱ्याला, प्रामुख्याने वय, परवाना आणि वेळ विचारतो. सौम्य बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, पिणाऱ्याकडे पिण्याचा परवाना असावा लागतो (एका दिवसाच्या परवान्यांची पुस्तके कोणाच्या नावाने भरली जातात, हे या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे), आणि अटी मोडल्यास महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम ५४ खाली बारचा परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगरच्या अपघातात दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला, तेव्हा मद्य देणाऱ्या ठिकाणांच्या लोकांना अटक झाली, परंतु ती गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता म्हणून. अल्पवयीनाला मद्य दिल्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तोच चालक तिशीचा असता, तर सारा भार मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ वर, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तातील ३० मिलिग्रॅमच्या मर्यादेवर आणि निष्काळजीपणाच्या कलमांवर पडला असता, आणि ही कलमे चालकाला लागतात. नुकसानभरपाईचा दावाही अपघात दावा न्यायाधिकरणात चालक, वाहनाचा मालक आणि विमा कंपनी यांच्याविरुद्ध चालतो. आमच्या व्यापाऱ्यांच्या मोटारसायकलचा विमा संपलेला होता. आठ पेगांचे पैसे घेणारा मालक त्या दाव्यात कोठेच नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी महामार्गालगतची दारूविक्री बंद करण्याचा आदेश दिला आणि १ एप्रिल २०१७ पासून पाचशे मीटरच्या आतील दुकाने व परमिट रूम बंद होऊ लागल्या. आमच्या जुन्या मालकांचेही दार तेव्हा काही काळ बंद होते आणि ते घोर अन्याय झाल्याचे सांगत फिरत होते. पण दारापासून रस्त्यापर्यंतचे अंतर मोजल्याने सातव्या पेगनंतर कोणी कोणाला थांबवावे, हा प्रश्न सुटत नाही.

कॅनडात तो सुटलेला आहे. माझा भाचा ऑन्टारियोतील एका हॉटेलात काम करतो आणि मद्य वाढण्यापूर्वी त्याला त्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागले. त्याच्याकडूनच मला मेनाऊ खटला कळला. जानेवारी १९६८ मध्ये नायगारा भागातील एका हॉटेलने मेनाऊ नावाच्या आपल्या नेहमीच्या ग्राहकाला भरपूर पाजून पावसाळी रात्री महामार्गावर बाहेर काढले, आणि पुढे रस्त्याने चालताना त्याला मोटारीने धडक दिली. त्याला पिण्याची खोड आहे हे नोकरांना माहीत होते, बरोबर जबाबदार माणूस असल्याशिवाय त्याला देऊ नये अशी त्यांना सूचनाही होती. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये हॉटेल, मोटारचालक आणि तो स्वतः यांच्यावर एकेक तृतीयांश दोष कायम ठेवला. गेल्या वर्षी एका लग्नात मालक भेटले आणि “बघा, आपल्याला कोणी काही विचारले का?” असे हसत म्हणाले, तेव्हा हा एक तृतीयांश मी त्यांना पंगतीतच सांगितला. त्यांनी जिलबी मागवली.

मी वकील नाही, हे आधीच सांगायला हवे होते. पिणाऱ्याचा दोष कमी होतो असेही मी म्हणत नाही. शिवाय कॅनडाच्याच न्यायालयाने १९९५ च्या एका खटल्यात, ग्राहकाबरोबर न प्यायलेली पत्नी आणि बहीण होत्या या कारणाने मद्य देणाऱ्या आस्थापनेला मोकळे सोडले आहे. आणि रात्री अकरा वाजता नकार देणाऱ्या वेटरच्या कानाखाली बसू शकते, हेही खरे आहे. म्हणून नकाराचा अधिकार मालकाने लेखी द्यावा.

आपल्या घरातील कोणी अशा अपघातात सापडले असेल, तर सीसीटीव्हीचे चित्रण पुसले जाण्याआधी, पहिल्या दोन-चार दिवसांतच, ते चित्रण, बिले आणि केओटी (वेटरने लिहिलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या) जप्त करण्याचा लेखी अर्ज पोलिसांकडे द्यावा व त्याची पोच घ्यावी. अर्जात त्या रात्रीच्या सर्व टेबलांची बिले मागावीत, कारण आमच्याकडे सहा नंबरचे पेग नऊ नंबरवर दाखवलेले होते.