एकट्या राहणाऱ्याने एका ग्लासाचा छोटा ब्लेंडर घ्यावा का? त्यात स्मूदी आणि पास्त्याचा सॉस दोन्ही होतात का?

स्मूदीसाठी घ्या. सॉससाठी घेणार असाल तर पुढचं सगळं वाचा. माझ्या डाव्या मनगटावर त्या सॉसचा डाग अजून आहे, आणि तो कोणाच्या चुकीने पडला यावर आमच्या घरात गेली सात-आठ वर्षं एकमत झालेलं नाही.

तुम्ही लिहिलंय की नोकरीमुळे एकटे राहता, भाड्याच्या खोलीत ओटा हातभर, मोठा मिक्सर ठेवायला जागा नाही. माझंही असंच होतं. २०१७ च्या जूनमध्ये बँकेने माझी बदली साताऱ्याहून चंद्रपूरला केली. (मुलीची दहावी आणि बापाची बदली एकाच वर्षी यावी असा बँकेत बहुतेक नियमच असावा.) बायको-मुलगी साताऱ्यात, मी रामनगरात एका खोलीत. पहिले दोन महिने सकाळी कामावर जाताना कोपऱ्यावर तर्री पोहे. तर्री पोह्यांना नावं ठेवण्याची माझी हिंमत नाही, पण रोज खाल्ले की पँटचा हूक कुरकुरतो. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि नाश्ता बदला म्हणाले. हे हिने माहेरी सांगितलं. माहेरी सांगितलं म्हणजे मेहुण्याला कळलं.

मेहुणा हिचा धाकटा भाऊ, पुण्याला इंजिनिअर. सासरी पंखा जरी घ्यायचा झाला तरी आधी त्याला विचारतात. त्याने आठ दिवसांत कुरिअरने एक ब्लेंडर पाठवला. बुलेट म्हणतात तसला. कपात माल भरायचा, पात्याचं झाकण आवळायचं, कप उलटा करून मोटरवर दाबायचा. सोबत फोन. "दाजी, चारशे वॅटची मोटर आहे. स्मूदी, चटणी, सॉस, कोरडा मसाला, सगळं होतं. बिनधास्त वापरा." हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. पुढे त्याने असं काही म्हटल्याचं साफ नाकारलं, म्हणून मुद्दाम.

स्मूदीपुरतं त्याचं खरं होतं, हे कबूल करतो. अडीच वर्षं मी रोज सकाळी त्यातच नाश्ता केला. रात्री दोन चमचे ओट्स आणि दोन खजूर वाटीभर पाण्यात भिजत घालायचे, सकाळी त्यात एक केळं, चार चमचे दही आणि भाजलेल्या जवसाची पूड. जवस तिकडे घरोघरी चटणीला असतो, चांगला ताजा मिळतो. तीस सेकंद फिरवलं की झालं. त्याच कपाला झाकण लावून पिशवीत टाकायचा आणि निघायचं. भांडं एकच, धुवायचं एकदाच. एकट्या माणसाला दुसरं काय हवं?

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, ती तुम्हाला सांगतो. या कपात भरायचा क्रम मिक्सरच्या उलटा. आपण भरतो तेव्हा पातं नसतंच, ते शेवटी वरून लागतं आणि मग सगळं उलटं होतं. म्हणजे जे शेवटी घालाल ते पात्याजवळ येणार. बर्फ आणि कडक फळ आधी, मऊ फळ आणि दही शेवटी. मी पहिला आठवडा बर्फ शेवटी घालत होतो. आवाज असा यायचा की खालच्या मजल्यावरून घरमालक काकाजी वर आले. आणि पपई घालणार असाल तर केल्या केल्या प्या. मी एकदा दूध-पपई करून बँकेत नेली, अकरा वाजता तोंडात घेतली तर कडूजहर. पपईतलं पपेन दुधातली प्रथिनं तोडतं, त्याने कडवटपणा येतो. ताज्या अननसाचंही तेच. ही म्हणते विरुद्धाहार. काहीही म्हणा, कडू ते कडूच.

आता सॉस.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी चंद्रपूरला आली. दोन दिवस ताडोबा, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, बाहेरचं नको, रेड सॉसचा पास्ता कर ना." मी गोल बाजारातून भाजी आणली. (तिथे कोथिंबीर मागितली की भाजीवाली आधी तुमचं तोंड बघते, मग म्हणते, "सांबार पाहिजे का?" विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे कळेपर्यंत मी बरेच दिवस बिनकोथिंबिरीची आमटी खाल्ली.) पाच टोमॅटो, लसूण, सुकी मिरची कढईत तेलावर परतली, झाकण ठेवून शिजवली आणि कढईतून थेट कपात ओतली. उकळती. अर्ध्या कपाच्या थोडी वर. हा आकडा लक्षात ठेवा, सगळा वाद त्यावर आहे.

झाकण आवळलं, उलटा केला, दहा सेकंद दाबला. परत वीस सेकंद. मग सरळ करून झाकण फिरवायला लागलो. अर्धा आटा सुटला असेल, तोच ठप्प असा आवाज झाला आणि सॉस स्लॅबला लागला. स्लॅबला, भिंतीवरच्या कालनिर्णयला, माझ्या चष्म्याला आणि डाव्या मनगटाला. मुलगी बाहेर मोबाईलवर होती म्हणून वाचली. मी मनगट नळाखाली धरलं आणि वीस मिनिटं धरून ठेवलं. एवढं एक शहाणपण त्या दिवशी माझ्याकडून झालं. फोनवर मेहुणा टूथपेस्ट लावा म्हणत होता. भाजलेल्यावर टूथपेस्ट लावायची नसते, इंजिनिअरने सांगितलं तरी नाही.

काकाजी दुसऱ्या दिवशी वर आले, मान वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "स्लॅबले टमाटर कसे लागले जी साहेब?" खोली सोडताना डिपॉझिटमधून पंधराशे रुपये रंगाचे कापले. त्यांचं बरोबर होतं.

मेहुण्याचं म्हणणं, "दाजी, तुम्ही भांडं गच्च भरलं. कपावरच्या रेषेच्या वर भरलं की असं होणारच." माझं म्हणणं, भांडं अर्धं होतं, प्रश्न उष्णतेचा होता. विचार करा. कप हवाबंद, रबराचा वॉशर लावून आवळलेला. वरच्या अर्ध्या भागात हवा. आत उकळता रस. पातं फिरलं की त्याचे बारीक थेंब होऊन ते त्या हवेत मिसळतात, हवा एकदम तापते, वाफ एकदम सुटते, आणि बाहेर पडायला वाट नाही. कुकरला निदान शिट्टी असते, सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. या कपाला काही नाही. आटा सैल झाला की ती पहिली फट. कुकरचं प्रेशर न जाऊ देता झाकण ओढण्यासारखंच हे. मिक्सरच्या भांड्याचं झाकण नुसतं वर बसवलेलं असतं, फार तर ते उडतं, ओटा खराब होतो. इथे झाकण तुमच्या मुठीत आणि तोंड कपावर वाकलेलं.

हे फोनवर चार वेळा सांगून पटेना म्हणून मी प्रयोग केला. तोच कप, तेच पातं, फ्रीजमधले थंड टोमॅटो, रेषेच्या वर, अगदी काठापर्यंत भरले आणि फिरवलं. काय झालं? कडेने थोडं गळलं. बस. उडालं नाही, ठप्प नाही. म्हणजे जास्त भरलं तर गळतं, गरम भरलं तर उडतं. शाळेतल्या पोरालाही पटेल. मेहुणा म्हणाला, "आता तुमचा वॉशर सैल झालाय, म्हणून गळलं. तेव्हा घट्ट होता." या माणसाशी वाद घालून माझा बीपी वाढतो.

तर तुमच्या सॉसचं उत्तर असं. थंड सॉस करा, खुशाल करा. शिजवलेले टोमॅटो परातीत पसरून पंख्याखाली ठेवा, पंधरा-वीस मिनिटांनी बोट बुडवून बघा, गार लागले की मग कपात. वाटून झाल्यावर परत कढईत घालून उकळा. कोमट चालेल का, असं विचाराल. मी चालवत नाही. फिरवताना पात्याच्या घर्षणाने माल आणखी तापतो, आणि कोमट म्हणजे नेमकं किती, हे प्रत्येकाच्या जिभेवर वेगळं असतं. गरमच वाटायची घाई असेल तर तो दांड्याचा हँड ब्लेंडर घ्या, उघड्या पातेल्यात घालून फिरवा. जागा त्याला आणखी कमी लागते, खुंटीला टांगता येतो. खरं तर तुमच्या दोन कामांतलं सॉस हे काम त्याचंच आहे.

चटणीचं विचारलं नाहीत, पण विचारणार. हिरवी चटणी छान होते, मिक्सरच्या मोठ्या भांड्यापेक्षा छान. कप अरुंद, माल पात्यावरच पडून राहतो, एका माणसाची दोन चमचे चटणीही वाटली जाते. घट्ट असेल तर पात्याभोवती हवा अडकून ते नुसतं घों करत राहतं, मग कप काढून दोनदा हापटायचा आणि चमचाभर पाणी वाढवायचं. सलग मिनिटाच्या वर फिरवू नका, मोटर छोटी आहे, तापते, वास येतो. शेंगदाण्याची कोरडी चटणी थांबत थांबत करा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो.

मसाला मात्र नको. आपलं वाटण म्हणजे सुकं खोबरं, धणे, लवंग. हे कप मुळात मऊ फळ आणि बर्फ डोळ्यापुढे ठेवून केलेले, प्लास्टिकचे. धण्यांनी आतून ओरखडे पडतात आणि लवंगेच्या तेलाने काही प्लास्टिक कायमचं धुरकट होतं. हळदीचा पिवळेपणा उन्हात ठेवला की बराचसा जातो, लवंगेचा धूर जात नाही. माझा दुसरा कप असाच गेला. चंद्रपूरच्या मे महिन्याच्या उन्हातही तो निवळला नाही, म्हणजे बघा.

घेण्याआधी एक गोष्ट नक्की करा. दुकानदाराला विचारा, याचा वॉशर आणि पातं सुटं मिळतं का. वर्षभरात वॉशर ढिला होतो, मोटरवरच्या कपलरचे, म्हणजे पातं फिरवणाऱ्या चकतीचे, दाते झिजतात. आपल्या मिक्सरचे सुटे भाग कुठल्याही गावात मिळतात. या कपाच्या वॉशरसाठी मी गोल बाजारात पाच दुकानं फिरलो, शेवटी एकाने दुसऱ्याच कुठल्या तरी भांड्याचा रिंग कापून बसवून दिला. तो वॉशर रोज काढून धुवायचा, हेही लक्षात ठेवा. त्याच्या खाली दही अडकतं आणि चौथ्या दिवशी तुम्हाला वाटतं फ्रीज खराब झालाय.

मेहुणा हल्ली त्या चार्जिंगवाल्या बाटल्यांच्या मागे लागलाय, "दाजी, गाडीतसुद्धा फिरतं." अमेरिकेत २०२३ च्या डिसेंबरमध्ये ब्लेंडजेट २ नावाच्या असल्याच ब्लेंडरचे सुमारे ४८ लाख नग परत मागवण्याची घोषणा झाली. कारण, चालू असताना जास्त तापणं आणि पातं तुटणं. ही बातमी मी त्याला पाठवली. निळ्या टिक्स आल्या, उत्तर नाही.

आता दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एक, ब्लेंडरच्या खोक्यात माहितीपत्रक होतं आणि त्यात गरम पदार्थ घालू नका असं बारीक अक्षरात छापलेलं होतं. मी ते खोली सोडताना, सामान बांधताना पहिल्यांदा वाचलं. मेहुण्याला हे अजून माहीत नाही. माहीत झालं तरी "बिनधास्त वापरा" हे शब्द त्याचेच होते. दोन, ही पहिल्या दिवसापासून म्हणत होती की घरातला जुना मिक्सर न्या, सोबत फक्त चटणीचं भांडं न्या, बास होईल. ते भांडं स्टीलचं, त्यात मसालाही झाला असता. मी जागा नाही म्हणालो. फेब्रुवारी २०२० मध्ये खोली रिकामी केली तेव्हा ओट्याच्या कोपऱ्यात रिकाम्या बरण्या, डबे आणि मोडका टोस्टर निघाला. मिक्सर बसला असता. तुम्हीही तुमचा कोपरा एकदा मोजून बघा.

कालनिर्णयचं ते पान मी ठेवलंय. ऑक्टोबर २०१७, खालच्या दोन ओळींवर सॉस. मागच्या गणपतीत मेहुणा आला होता तेव्हा पुरावा म्हणून समोर ठेवलं. त्याने चष्मा लावला, पान उजेडात धरलं, डागाची लांबी बोटांनी मोजली आणि म्हणाला, "दाजी, अर्ध्या कपात एवढा सॉस मावत नाही."