आधी ओल बघ

अरे, तुझं पत्र दोनदा वाचलं. सौर पॅनल किती घ्यायची, पडदे कुठले, घरचे काय म्हणतील, सगळं लिहिलंस. ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात, राहायला जायचं तुझं ठरलंय, ते ओळीओळीत दिसतंय, त्यावर मी बोलणार नाही. पण त्या जुन्या ट्रेलरचे एवढे फोटो पाठवलेस, त्यात छताचा एकही नाही. अशाने कसं व्हायचं? आधी ओल बघ.

विकणारा तुला गादी आणि शेगडी दाखवत राहील. तू कोपरे गाठ. खिडकीच्या चौकटीखाली, छत आणि भिंत जुळते तिथे, कपाटांच्या आत अंगठ्याने दाबून बघ. भिंत दबली, जमीन पायाखाली लवली किंवा बाहेरचा फायबरग्लास फुगलेला दिसला, तर आतलं लाकूड कुजतंय असं समज. ताज्या रंगाचा वास आला तर दुप्पट बारकाईने बघ. शक्यतो पाऊस पडून गेल्यावर जा आणि ओलावा मोजायचं यंत्र सोबत ने. ‘फटी बुजवायचं सीलंट मारलं की झालं’ असं तो म्हणेल. सीलंटने नवं पाणी थांबतं, कुजलेलं लाकूड परत येत नाही.

मी असे कितीतरी ट्रेलर नाकारले. लोकांनी मला किरकिरी ठरवलं. त्या नादात घ्यायला उशीर झाला, आणि आईने एकदा तरी त्यात येऊन राहावं ही इच्छा राहून गेली. ते अजून सलतं. तरी सांगते, उद्या पुन्हा घ्यायचा झाला तर तेवढीच अडून बसेन. माझ्या भिंती आजही कोरड्या आहेत.

बाकीचं भराभर सांगते. तुझी गाडी किती ओढू शकते ते आधी बघ, ट्रेलर नंतर. आणि रिकाम्या वजनावर हिशेब करू नकोस, शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडतो त्या कडीवर, यायला हवा, कमी पडला तर मागून ट्रेलर झोकांड्या खातो. टायरची नक्षी बघून भुलू नकोस, कडेवर DOT ने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाच: २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्वतः वाजवून बघ.

राहायला गेलास की ओल आतून येते, हे कुणी सांगत नाही. तुझा श्वास, स्वयंपाकाची वाफ, वाळत टाकलेला टॉवेल, सगळं एवढ्याशा जागेत साठतं आणि थंडीत काचांवरून ओघळतं. गॅस जळतानाही वाफ सुटते, म्हणून धूर बाहेर न टाकणारा हीटर घेऊच नकोस. थंडी असली तरी छतावरची झडप थोडी उघडी ठेव. गादी सपाट फळीवर असेल तर ती खालून भिजते आणि बुरशी धरते. मध्ये पट्ट्या ठोक, हवा खेळू दे. छतावरचे सांधे दर तीन महिन्यांनी वर चढून तपास, आणि तडा दिसला तर त्याच दिवशी बुजव.