जाड चेन म्हणजे मजबूत चेन?

प्रश्न : केटीएमची आरसी 390 बाइक घेऊन पहिल्यांदाच चेन्नईच्या ट्रॅकवर जातोय, चेन बदलायचीय तर दुकानदार म्हणतो 525 साइजची टाक, जाड आहे, तुटणार नाही. टाकू का?

उत्तर : नको रे बाबा. तुझ्या गाडीला 520 बसते, आणि 520 आणि 525 दोन्हीची पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, एकच, 15.875 मिमी, पण आतली रुंदी 6.35 आणि 7.94, म्हणजे जुन्या स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चाकावर) 525 चढेल खरी पण आडवी हलत राहील आणि वजन वाढेल ते वेगळंच. मोठ्या गाड्यांवाले तर रेसिंगसाठी 525 काढून मुद्दाम 520 टाकतात, फिरणारं वजन कमी म्हणून.

ताकद रुंदीवर नाही, चेनच्या क्वालिटीवर बघ, टेन्साइल स्ट्रेंथचा, म्हणजे किती ताणाला तुटते त्याचा, आकडा विचारून घे. एक्स-रिंगवाली, म्हणजे आत ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी रिंगांची, घे. बिनरिंगची हलकी पळते पण ग्रीस आत टिकत नाही, सारखं तेल द्या, ताण बघा, नवख्याला नाही झेपत. चेनची टोकं जोडतात त्या जॉइंटला निघू शकणारी क्लिप नको, कायमचं ठोकलेलं रिव्हेटच मार, तुटलेली चेन इंजिनचं केसिंग फोडते, पायही. आणि दोन्ही स्प्रॉकेट सोबतच बदल, झिजलेले दात नवी चेन खातात.