आग लागते, पेटते, चेतते : शिकवण वणव्यासारखी पसरते का?

प्रश्न असा आला आहे : "एका लेखात वाचलं, 'त्या साधूची शिकवण वणव्यासारखी पसरली आणि हजारो अंतःकरणं उजळली.' वाक्य खटकलं, पण का ते सांगता येईना. वणवा हा शब्द चांगल्या गोष्टीसाठी चालतो का? आणि आग लागणे, पेटणे, भडकणे, पसरणे यांत फरक काय?"

तुम्हाला खटकलं ते योग्यच. या वाक्याच्या पहिल्या भागात रान जळतं आहे आणि दुसऱ्या भागात दिवे लागताहेत. आगी दोन आहेत, त्यांच्या पसरण्याच्या रीतीही दोन आहेत, आणि लेखकाने त्या एका 'आणि'ने जोडून टाकल्या आहेत. तिथेच कान अडखळतो.

आधी वणवा. संस्कृतात 'दव' आणि 'दाव' या दोन्ही शब्दांचा अर्थ रान असाही होतो आणि रानातली आग असाही. अमरकोश 'दवदावौ वनारण्यवह्नी' असं मोजक्या शब्दांत सांगतो. दावाग्नी, दावानल हे त्यातूनच आले. प्राकृतात 'वणदव' होतं. त्यातला मधला 'द' झिजला की आपण वणव्याच्या अगदी जवळ येतो. मराठीत मात्र सुटा 'दव' म्हटला की डोळ्यांपुढे येतं ते पहाटे गवतावर साचलेलं पाणी. तो दव 'द्रव'चा वंशज, त्याचा या दवाशी काही संबंध नाही. लिहायला-बोलायला हुबेहूब सारखे दोन शब्द, एक भिजवणारा आणि एक जाळणारा. मला या जोडीचं फार अप्रूप आहे. जाळणाऱ्या दवाचा धातू 'दु', म्हणजे पोळणे, पीडा देणे. वणव्याच्या पोटात दुःख आहे ते असं मुळापासून.

आता वापर पाहू. वणव्यासारखं काय काय पसरतं? बातमी, अफवा, रोगाची साथ, दंगल. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा दोनच गोष्टी असतात : वेग, आणि आवरता न येणं. पण उपमा अर्धी घेता येत नाही. मागे उरलेली राख तिच्यासोबत येतेच. अफवेच्या बाबतीत ती शोभते, कारण अफवाही जळकं काहीतरी मागे ठेवून जाते. शिकवणीच्या बाबतीत वाचक नकळत विचारतो, मग जळलं काय?

वणवा खरोखर कसा पसरतो ते पाहिलं की शब्दांचे बारकावे आणखी खुलतात. लाकूड थेट जळत नाही. आधी त्यातलं पाणी उडून जातं, मग साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास लाकूड विघटित होऊन त्यातून ज्वलनशील वायू सुटू लागतात, आणि ज्वाळा असते ती या वायूंची. म्हणजे आग पोचण्याच्या आधी तिची उष्णता पोचलेली असते. पुढचं झाड वाळवून, तापवून, तयार करून ठेवते. मराठीत यासाठी 'धग' आणि 'झळ' हे नेमके शब्द आहेत. ज्वाळेचा स्पर्श झाला नाही तरी झळ लागते. 'महागाईची झळ', 'युद्धाची झळ' असं आपण म्हणतो तेव्हा हेच सांगत असतो की माणूस आगीत नव्हता, पण आगीच्या टप्प्यात होता.

चढणीवर वणवा जास्त वेगाने धावतो, कारण ज्वाळा उताराला टेकलेल्या असतात आणि वरचं गवत आधीच भाजून निघतं. चढण दहा अंशांनी वाढली की वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा वणव्यांचा अभ्यास करणारे वापरतात. वारा असेल तर जळत्या सालींचे तुकडे उडून कित्येक किलोमीटर पुढे पडतात आणि तिथे नवी आग सुरू करतात. निलगिरीच्या लोंबत्या साली यासाठी कुप्रसिद्ध आहेत. मोठा वणवा एका सलग रेषेत सरकत नाही, तो ठिणग्यांनी झेपा घेतो. 'ठिणगी पडली' हा आपला वाक्प्रचार यामुळे मला फार अचूक वाटतो. ठिणगी पडते ती मुख्य आगीपासून दूर, आणि तिथे सुकं काही असेल तरच तिचं पुढे काही होतं.

वणव्याचा आणखी एक प्रकार जमिनीखाली चालतो. कुजलेल्या वनस्पतींचे जाड थर जिथे साचलेले असतात तिथे ज्वाळा न दिसता आग महिनोन्‌महिने जिवंत राहते. याला 'धुमसणे' याहून चांगला शब्द मला माहीत नाही. धुमसण्याच्या पोटात 'धूम' आहे; ज्वाळा नाही, धूर आहे. मनातला राग धुमसतो, तो भडकेलच असं नाही, पण विझलेलाही नसतो.

तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा मात्र क्रियापदांत आहे. आग 'लागते'. हे 'लागणे' संस्कृत 'लग्' धातूपासून आलं, अर्थ चिकटणे, जडणे. 'लग्न' म्हणजे चिकटलेलं. तेव्हा मराठीत आग कशाला तरी येऊन चिकटते. आता पाहा, आणखी काय काय लागतं : ओढ लागते, गोडी लागते, वेड लागतं, ध्यास लागतो, समाधी लागते. रोगाची लागण होते. एखाद्या साधकाला नामाचा छंद लागला असं आपण म्हणतो तेव्हा तो छंद आगीसारखाच बाहेरून येऊन चिकटलेला असतो. या सगळ्यांत व्याकरण एकच आहे : ज्याला लागतं त्याला चतुर्थी, आणि कर्ता म्हणजे लागणारी वस्तू. लाकडाला आग लागली. मीराबाईंना कृष्णाची ओढ लागली. लाकूड काही करत नाही, मीराबाईही काही करत नाहीत; जे आलं ते येऊन जडलं.

'पेटणे' उलट दिशेने पाहतं. लाकूड पेटलं. इथे लाकूड स्वतः कर्ता झालं, आग त्याच्या आतून आली. म्हणून माणूस 'पेटून उठतो' पण 'लागून उठत' नाही. लागणं बाहेरचं, पेटणं आतलं. आणि आग पसरायची तर दोन्ही व्हावं लागतं. ओल्या लाकडाला काडी लावली तरी ते पेटत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

भडकणे हे आधीच जळत असलेल्याचं आहे, वारा किंवा तेल मिळालं की. पसरणे हे निव्वळ क्षेत्राचं, त्यात ना कारण ना तीव्रता. पाणीही पसरतं, सतरंजीही. 'लावणे' मात्र गमतीचं आहे. आग लागली तर अपघात. आग लावली म्हटलं की आरोप, मग घराला लावलेली असो की दोघांच्या मनात. पण दिवा लावला म्हटलं तर कुणी चौकशी करत नाही कुणी लावला म्हणून. तोच धातू, तीच क्रिया, तीच ज्वाळा.

आता ती दुसरी आग. गीतेवरच्या टीकेच्या शेवटाकडे, कृष्ण अर्जुनाला मिठी मारतो तिथे, ज्ञानेश्वर म्हणतात : 'दीपें दीपु लाविला । तैसा परिष्वंगु जाला । द्वैत न मोडितां केला । आपणपें पार्थु ॥' दिव्याने दिवा लावावा तशी ती मिठी. द्वैत न मोडता अर्जुनाला आपल्यासारखं केलं. ही ओवी मी कितीदा वाचली असेल, पण 'द्वैत न मोडितां' या तीन शब्दांवर अजूनही थांबतो. वणवा द्वैत मोडतो. झाड आणि ज्वाळा असे दोन उरत नाहीत, शेवटी राखच उरते. दिव्याने दिवा लावला तर दोन दिवे होतात, आणि पहिल्याचं काही कमी होत नाही. कारण साधं आहे : दुसऱ्या दिव्यात त्याचं स्वतःचं तेल आहे, स्वतःची वात आहे. पहिला दिवा देतो ती फक्त सुरुवात. वणवा मात्र पुढच्या झाडालाच इंधन करतो.

मग आध्यात्मिक अर्थाने वणवा चालतच नाही का? मी एके काळी 'नाही' म्हटलं असतं आणि तसं वाक्य खोडलंही असतं. आज ते मत टिकत नाही. गीतेच्याच चौथ्या अध्यायात ३७वा श्लोक आहे : पेटलेला अग्नी जसा सरपणाची राख करतो तसा ज्ञानाग्नी सर्व कर्मांची राख करतो. तिथे जाळणं हेच काम आहे. वैराग्याचा वणवा, विरहाचा वणवा हे आपल्याकडे रुळलेले प्रयोग, आणि ते योग्य आहेत, कारण तिथे काहीतरी जळावं अशीच इच्छा आहे. शिवाय निसर्गातही राख हा नेहमी शेवट नसतो. काही पाइन वृक्षांचे बिया सांभाळणारे शंकू राळेने घट्ट बंद असतात आणि वणव्याच्या उष्णतेनेच उघडतात. १९८८ साली अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग आगीच्या तडाख्यात सापडला. त्यानंतर तिथे या पाइनची कोवळी रोपं मोठ्या संख्येने उगवून आली.

बौद्ध परंपरेत हेच रूपक वेगळ्या टोकाने येतं, आणि भाषेच्या दृष्टीने मला ते सगळ्यांत समृद्ध वाटतं. गयेजवळ बुद्धांनी अग्निपूजा सोडून आलेल्या हजार जटिलांना, म्हणजे जटाधारी तपस्व्यांना, उपदेश केला तो 'सब्बं आदित्तं', सर्व काही पेटलेलं आहे, असा : डोळे पेटलेले, कान पेटलेले, मन पेटलेलं; रागाने (इथे राग म्हणजे संताप नव्हे, लालसा), द्वेषाने, मोहाने. ज्यांनी आयुष्यभर अग्नी जपला त्यांना हे ऐकताना काय वाटलं असेल! पालीत 'उपादान' या एकाच शब्दाचा अर्थ आसक्ती असाही आहे आणि इंधन असाही. आग इंधनाला धरून राहते, मन विषयांना धरून राहतं, दोहोंना एकच शब्द. आपलं 'लागणे' इथे किती जवळचं नातेवाईक आहे ते पाहा. आणि इंधन संपलं की उरतं ते निर्वाण. पाणिनीने या शब्दासाठी स्वतंत्र सूत्र दिलं आहे, 'निर्वाणोऽवाते' : वारा शांत झाला तर 'निर्वात', पण वाऱ्याखेरीज इतर काही शांत झालं तर 'निर्वाण'. त्याची उदाहरणं वृत्तिकार, म्हणजे सूत्रांवरचे टीकाकार, देतात ती अशी : निर्वाण अग्नी, निर्वाण दिवा, निर्वाण भिक्षू. अग्नी, दिवा आणि भिक्षू एका ओळीत.

तर तुमच्या वाक्याचं काय करायचं? लेखकाला उजळणं हवं असेल तर 'त्या साधूची शिकवण दिव्याने दिवा लागावा तशी माणसामाणसांतून गेली' असं लिहावं. वेग थोडा कमी होईल, पण तो कमी व्हायलाच हवा. एकेक माणूस भेटूनच ती पोचलेली असते. लेखकाला जळणं हवं असेल, म्हणजे त्या शिकवणीने जुना अहंकार, जुनी भीती खाक केली असं म्हणायचं असेल, तर वणवा ठेवावा आणि 'उजळली' काढून 'वर्षानुवर्षं साचलेलं जळून गेलं' असं काही म्हणावं. दोन्ही एका वाक्यात नको.

आणि एक शब्द सुचवतो, जो हल्ली कमी ऐकू येतो : चेतणे. अग्नी चेतला, चूल चेतवली. हे 'चित्' धातूचं रूप, ज्यातून चेतना, चित्त, चैतन्य आले. लाकडात आग जागी होणं आणि माणसात जाणीव जागी होणं, दोहोंना मराठी 'चेतणे' म्हणते. तुमच्या लेखकाने 'हजारो अंतःकरणं चेतली' एवढंच लिहिलं असतं तर वणवाही लागला नसता आणि दिवाही.