तुमचे प्रश्न : टोमॅटो पास्ता आंबट आणि पाणचट का होतो?

प्रश्न : ऑफिसातून आल्यावर घाईत टोमॅटो पास्ता करते. सॉस आंबट लागतो, पास्त्याला धरत नाही आणि ताटलीत खाली पाणी सुटतं. कुठे चुकतं?

उत्तर : बहुधा टोमॅटो पुरता आटत नाही. गोल, रसाळ गावरान टोमॅटो साराला उत्तम. इथे लांबट, गच्च गराचे, पूर्ण लाल झालेले घ्या. दोघांना अर्धा किलो. आधी पास्त्याचं पाणी उकळत ठेवा, सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो. टोमॅटो उकडून सालं काढत बसू नका. आडवा अर्धा कापा आणि कापलेली बाजू किसणीवर घासा; गर खाली पडतो, साल हातात उरते.

पसरट कढईत २ मोठे चमचे तेल घ्या आणि ते तापण्याआधीच लसणाच्या ४ पाकळ्यांचे काप टाकून मंद आच ठेवा. काप कडेने पिवळसर दिसले की लगेच टोमॅटो ओता. लसूण तपकिरी झाला तर सॉस कडवट होतो, मग साखर घालूनही सावरत नाही. पाव चमचा मीठ, थोडी कुटलेली सुकी मिरची, आणि झाकण न ठेवता मध्यम आचेवर १२ ते १५ मिनिटं. खूण आपल्या रस्स्याचीच: कडेला तेल सुटतं, आणि कालथ्याने ओढलेली रेघ क्षणभर बुजत नाही. त्याआधी गॅस बंद केला, तर उरलेलं पाणी ताटलीत उतरणारच. तरीही आंबट लागलं तर पाव चमचा साखर किंवा सुपारीएवढं लोणी. केचप नको, त्यात साखरेबरोबर व्हिनेगरही असतं.

आता पास्ता. २०० ग्रॅमला २ लिटर पाणी, त्यात सपाट ३ लहान चमचे मीठ. (सॉसमध्ये मीठ कमी सांगितलं ते यासाठीच.) पाण्यात तेल घालू नका, ते वर तरंगतं आणि निथळताना पास्त्याला लागून सॉस घसरवतं. पाकिटावरच्या वेळेच्या २ मिनिटं आधी एक तुकडा तोडून पाहा, मधोमध बारीक पांढरा ठिपका हवा. वाटीभर पाणी बाजूला काढून पास्ता निथळा. नळाखाली धुवायचा नाही, वरचा स्टार्च वाहून जातो. तसाच कढईत टाका, अर्धी वाटी ते पाणी घाला आणि मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटं सतत परता. स्टार्चमुळे तेल आणि टोमॅटो एकजीव होतात, सॉस चकाकतो, पास्त्याला धरून बसतो. फार घट्ट वाटला तर आणखी दोन चमचे पाणी.

प्रश्न : वेळ पाळूनही पास्ता गिळगिळीत होतो.

उत्तर : पाकिटावरचे घटक वाचा. मैद्याचा असेल तर तो लवकर मऊ पडतो. ‘ड्युरम गव्हाचा रवा’ लिहिलेला घ्या.

प्रश्न : बेझिल मिळत नाही. तुळस चालेल का?

उत्तर : नको. तुळशीला लवंगेसारखा उग्र वास असतो, काढ्याची आठवण येते. कुंडीत सब्जा असेल तर त्याची कोवळी पानं घ्या. सब्जा आणि इटालियन बेझिल एकाच जातीतले, फक्त वाण वेगळं, म्हणून वास हुबेहूब येत नाही. पानं हाताने तोडून गॅस बंद केल्यावरच घाला. चीजही तेव्हाच किसून, खदखदत्या सॉसमध्ये त्याच्या गाठी होतात.