सूर-संवाद : बास नेमका ऐकायचा कुठे?

प्रश्न : माझा सतरा वर्षांचा मुलगा दिवसभर मेटॅलिका हा हेवी मेटल बँड ऐकतो आणि आता बास (खालच्या सुरांची गिटार) शिकायचा म्हणतो. भिंतीवर त्यांच्या जुन्या बासवादकाचा, क्लिफ बर्टनचा फोटो. मला त्या गोंगाटात गिटारशिवाय काही ऐकू येत नाही. तीन अल्बम करून चोविसाव्या वर्षी गेलेल्या माणसाचं एवढं काय कौतुक? – एक आई

उत्तर : ताई, तुमची तक्रार रास्त आहे. हेवी मेटल या दणदणीत रॉक प्रकारात बास बहुतेकदा गिटारचीच ओळ खालच्या सप्तकात गिरवतो आणि तिच्या आड झाकला जातो. बर्टनला हे दुय्यमपण मान्य नव्हतं. 'किल एम ऑल' (१९८३) या पहिल्याच अल्बममध्ये जवळजवळ अख्खा ट्रॅक त्याच्या बासचा आहे. सुरुवातीला आवाज येतो, 'बास सोलो, टेक वन', आणि पुढे डिस्टॉर्शन नि वाह पेडलमधून (सूर खरखरीत करणारी नि वळवणारी उपकरणं) तो असा काही गरजतो की अनेकांना ती गिटारच वाटते. पुढच्या वर्षीच्या 'फॉर हूम द बेल टोल्स' या गाण्यातही तीच गंमत. घंटेनंतर अर्ध्या-अर्ध्या स्वराने सरकणारी ती करवती धून बासची आहे.

१९८२ साली लॉस एंजेलिसमध्ये तो ट्रॉमा या बँडमधून वाजवताना मेटॅलिकाच्या मुलांनी ऐकला आणि त्याला बोलावलं. हा म्हणाला, येतो, पण तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोकडे राहायला या. ते गेले! बासवादकासाठी बिऱ्हाड हलवणारा दुसरा बँड माझ्या तरी ऐकण्यात नाही.

ही ऐट फुकटची नव्हती. थोरला भाऊ स्कॉट १९७५मध्ये वारला, त्यानंतर हा बासला भिडला. भावासाठी मी सर्वोत्तम बासवादक होणार, असं तो म्हणाल्याचं त्याच्या आईने सांगितलं आहे. बँडचं नाव झाल्यावरही त्याचा रोजचा चार ते सहा तासांचा रियाझ सुटला नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीतकार बाखचा तो भक्त होता. 'मास्टर ऑफ पपेट्स' (१९८६) या अल्बममधला 'ओरायन' हा ट्रॅक ऐकताना हे जाणवतं.

२७ सप्टेंबर १९८६च्या पहाटे स्वीडनमध्ये, स्टॉकहोमहून कोपनहेगनकडे जाताना बँडची बस उलटली आणि तो तिच्याखाली सापडला. चालक म्हणाला, रस्त्यावर बर्फ होता. गायक जेम्स हेटफिल्ड म्हणाला, मी चालत जाऊन पाहिलं, बर्फ नव्हता. बसमधल्या कोणत्या बंकवर (झोपायच्या फळीवर) कोण झोपणार हे पत्ते ओढून ठरलं होतं, या गोष्टीवर चाहते फार रेंगाळतात. मला त्यापेक्षा त्याचे वडील रे बर्टन आठवतात. मुलाच्या मानधनाचे पैसे त्यांनी कॅस्ट्रो व्हॅलीतल्या, क्लिफच्याच शाळेत संगीत शिकणाऱ्या मुलांच्या शिष्यवृत्तीला दिले.

आता तुम्ही एक करा. मुलाचे हेडफोन मागून घ्या आणि 'ओरायन' लावा. साधारण मध्यावर सगळा गदारोळ थांबतो, लय उतरते आणि बास एकटाच पुढे येतो. नंतर १९८८चा 'अँड जस्टिस फॉर ऑल' हा अल्बम लावा. तिथे बर्टनच्या जागी जेसन न्यूस्टेड आहे, पण ध्वनिमिश्रणात बास इतका दाबलाय की शोधूनही सापडत नाही. वादकाचा त्यात दोष नाही.

आणि मुलाला बास घेऊन दिलात तर पिक (तार छेडायची चकती) एवढ्यात नको. बर्टन बोटांनीच वाजवायचा, हे कारण त्याला लगेच पटेल.