कट्ट्यावर हसवणारा मंचावर चालेल का?

प्रश्न : कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आम्ही पहिल्यांदाच इम्प्रोव्ह करतोय. संहिता नाही, प्रेक्षक देतील त्या शब्दावर प्रसंग रंगवायचा. जागा 6, नावं आलीत 32. प्रत्येकाला दोन मिनिटं हसवायला सांगायचं ठरवलंय. माझा एक मित्र कट्ट्यावर सगळ्यांना लोळवतो, त्याची निवड सगळे धरूनच चाललेत. ऑडिशन कशी घेऊ, सर?
– एक विद्यार्थिनी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ती दोन मिनिटं आधी रद्द कर. त्यात पाठ केलेल्या नकला आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे विनोद ऐकशील, दुसरं काही नाही.

एकट्याला बोलवूच नकोस. चौघाचौघांचे 8 गट कर, प्रत्येकाला 20 मिनिटं दे. मधला चहा धरून तीन तासांत उरकेल. जोडीला नुसतं ठिकाण द्यायचं : मिरज जंक्शन, रात्रीचे अकरा, गाडी चुकलीय. दोन मिनिटांनी थांबव आणि जोडी बदल. हे बदलणं चुकवू नकोस. एखादी मुलगी स्वतः फारशी टाळी घेत नाही, पण तिच्यासमोर जो येईल तो खुलतो. तिचं नाव पहिलं लिही.

समज, एकानं सुरुवात केली, ‘डॉक्टर, माझी म्हैस बोलंना झालीय.’ समोरचा म्हणाला, ‘मी डॉक्टर नाही, आणि म्हैस कुठाय?’ हशा येतो, पण प्रसंग तिथंच मेला. दुसरा म्हणतो, ‘अहो, परवा माझ्याशी तासभर बोलली. तुमच्याच तक्रारी सांगत होती!’ आता पुढची दहा मिनिटं चालतील. समोरच्यानं दिलेलं घ्यायचं आणि त्यात आपली भर घालायची, सगळा खेळ एवढ्यावर आहे.

आपल्या गावाला हे नवं नाही, बरं का. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथं ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं गद्य बोलायची ते आयत्या वेळी, मनचं. तमाशातली बतावणीही तशीच.

मी स्वतः एकदा कट्ट्यावरचा राजा घेतला होता. तिसऱ्या प्रयोगापर्यंत बाकीचे चौघं विंगेला टेकून उभे! तो सगळ्यांची वाक्यं खायचा, आणि प्रेक्षक हसत असल्यामुळं मला काही बोलता येईना. दोष माझाच. मी त्याला एकट्यालाच पाहून घेतलं होतं.

वहीत ‘चांगला’, ‘बरा’ लिहू नकोस, संध्याकाळी काही आठवत नाही. ‘ऐकून घेतलं’, ‘वाक्य तोडलं’, ‘पडल्यावर सावरलं’ असं लिही. रंगावर, जातीवर, कुणाच्या अंगावर विनोद नाही, हे दारातच सांग. दुसऱ्या दिवशी दहाजणांना परत बोलव. त्या वेळी तुझ्या मित्राला न ओळखणारं कुणीतरी शेजारी बसव.

त्याला नाही म्हणायची वेळ आलीच तर दिव्यांवर घे. इम्प्रोव्हमध्ये प्रसंग संपवतो तो दिवेवाला. हशा ऐन भरात असताना अंधार करायचा असतो, आणि हशा कधी भरात येतो हे त्याच्याइतकं तुमच्यात कुणाला कळत नसणार.